गतीचा आलेख मुलांना डोंगर वाटतो, काय करू?

प्रश्न : मी नववीला विज्ञान शिकवते. मुलं गतीची समीकरणं पाठ करतात, गणितंही सोडवतात, पण अंतर-काल आलेख दाखवला की रेषा वर गेली म्हणजे गाडी घाट चढतेय आणि आडवी झाली म्हणजे सपाट रस्ता लागला असं सांगतात. शाळेत सेन्सर वगैरे नाहीत. कसं शिकवू?

उत्तर : मॅडम, ही चूक जगभरातली मुलं करतात, आलेखाकडे ती चित्र म्हणून बघतात, आणि मराठीत तर आपणच 'आलेखाचा चढ' म्हणतो मग त्यांना घाट दिसणारच ना! सुरुवातीचे काही दिवस तो शब्द बाजूला ठेवा, नुसतं 'रेषा किती तिरकी' म्हणा.

आणि फळा सोडून मैदानावर चला. फक्कीने सरळ रेघ मारा, एकाने घड्याळ बघून दर सेकंदाला टाळी वाजवायची, दुसऱ्याने रेघेवरून चालत प्रत्येक टाळीला एक चिंचोका टाकायचा. चिंचोके सारख्या अंतरावर पडले तर चाल एकसमान, अंतर वाढत गेलं तर वेग वाढतोय, आणि एकाच जागी ढीग झाला म्हणजे तो उभा होता. मग टेपने मोजून तेच आकडे आलेखावर मांडायचे, की ढिगाची आडवी रेषा होते. हे स्वतःच्या हाताने केलेलं पोरगं आडव्या रेषेला सपाट रस्ता म्हणत नाही.

पुढे परत यायला लावा. 10 सेकंदात 10 मीटर, 5 सेकंद थांबा, मग 5 सेकंदात भरभर मागे, येताना चिंचोक्यांऐवजी खडे. इथे घाई करू नका, कारण कापलेलं एकूण अंतर 20 मीटर, ते कधीच कमी होत नाही, पण सुरुवातीच्या जागेपासूनचं अंतर, म्हणजे विस्थापन, पुन्हा शून्यावर येतं. दोन्ही आलेख शेजारी शेजारी काढून घ्याच. याच चालण्याचा वेग-काल आलेख काढला तर वेग सेकंदाला 1 मीटर, मग 0 आणि मागे येताना उणे 2, म्हणजे अक्षाच्या वर 1 × 10 = 10 चं क्षेत्रफळ आणि खालीही 2 × 5 = 10 चं, विस्थापन शून्य. क्षेत्रफळ म्हणजे विस्थापन हे तेव्हा पाठ करावं लागत नाही.

शेवटी उलटं करा, तुम्ही आलेख काढा आणि मुलांनी तो चालून दाखवायचा. त्यात एक अगदी उभी रेषा घाला. कोणीतरी जोरात पळून बघेल, तरी रेषा थोडी तिरकी येणारच, मग वर्गालाच विचारा की ही का जमत नाहीये.