टेकऑफनंतर लगेच इंजिन गेलं तर पायलट विमान परत रनवेवर का वळवत नाही?

कारण वळवलं तर मरतो. माझ्यावर ही वेळ येऊन गेलीये म्हणून लिहितोय.

मी नागपूरचा, विदर्भातल्याच एका छोट्या धावपट्टीवर शिकत होतो. मे महिना, सकाळचे अकरा, पारा 44, सेस्ना 172 या एका इंजिनाच्या छोट्या विमानात मी आणि इन्स्ट्रक्टर सर. आपल्याकडे जमीन समुद्रसपाटीपासून हजारेक फूट वर, पण एवढ्या उन्हात हवा इतकी विरळ होते की विमानाला जवळपास 5000 फुटांवर असल्यासारखं वाटतं, इंजिनही कमी ओढतं आणि पंखही. जमिनीपासून 400 फुटांवर इंजिन थडथडायला लागलं. बंद नाही पडलं, अर्धवट चालू होतं, आणि तोच खरा मोह, वाटतं की जाईल परत. मी मान डावीकडे वळवली तर सर ओरडले, "नाक खाली! समोर बघ!"

समोर पऱ्हाटी काढून नांगरलेलं वावर. सरांनी इंजिनाचं इंधन तोडायला मिक्श्चरचा लाल नॉब ओढला, आदळल्यावर अडकू नये म्हणून दार उघडून ठेवलं, मी 65 नॉटचा वेग (ताशी साधारण 120 किमी) धरून ठेवला. मागची चाकं टेकली, मग पुढचं चाक ढेकळात रुतून मोडलं, प्रोपेलर वाकला आणि विमान नाकावर थांबलं. दातांत काळी माती. दोघंही चालत बाहेर आलो. नंतर कळलं, एका सिलिंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व अडकला होता.

आता माझे भाऊजी. दर लग्नात चारचौघांत विचारतात, "काहून नाही वळवलं जी? विमान तरी वाचलं असतं." भाऊजी, 65 नॉटला 30 अंश बँक घेतली, म्हणजे विमान तेवढं कलवून वळवलं, तरी 180 अंश वळेपर्यंत तुम्ही रनवेच्या बाजूला 400 मीटरवर असता, म्हणजे अजून वळायचं, आणि तोवर उंची संपलेली. घाईत बँक 45 केली तर स्टॉलचा वेग, म्हणजे ज्याच्या खाली पंख विमान उचलून धरत नाहीत तो वेग, 19 टक्क्यांनी वाढतो, विमान पंखावर पडतं, सावरायला खाली जागाच नसते. विमान मोडलं ते मोडू दे, सरांची मुलगी तेव्हा दुसरीत होती.

हां, जमिनीपासून हजार फुटांच्या वर असाल, वारा आणि विमान साथ देत असेल तर वळता येतं, पण ती उंची इन्स्ट्रक्टरसोबत वर जाऊन आधीच मोजून ठेवा आणि प्रत्येक टेकऑफआधी मोठ्याने बोला. मी आजही बोलतो.