अँटीबॉडी निगेटिव्ह आली, मग ऑफिसला जाऊ का?

प्रश्न: डॉक्टर, चार दिवस झाले ताप, कोरडा खोकला, अंगदुखी आहे आणि कालपासून कशाचाच वास येत नाहीये. कोरोनाची अँटीबॉडी टेस्ट केली तर आयजीएम, आयजीजी (अँटीबॉडीचे दोन प्रकार) दोन्ही निगेटिव्ह. घरचे म्हणतात रिपोर्ट क्लिअर आहे, ऑफिसला जा. घरात ७४ वर्षांच्या सासूबाई आहेत, त्यांना दमा आहे. काय करू?

उत्तर: ऑफिसला अजिबात जाऊ नका आणि आजपासूनच सासूबाईंपासून वेगळ्या खोलीत राहा, एकत्र यावंच लागलं तर दोघींनी मास्क लावा आणि खिडक्या उघड्या ठेवा. लॅबचा रिपोर्ट चुकलाय असं नाही, पण आत्ता इन्फेक्शन आहे का हे ही टेस्ट सांगूच शकत नाही. अँटीबॉडी म्हणजे व्हायरसशी लढणारी प्रथिनं, ती आपलं शरीर बनवतं आणि त्याला वेळ लागतो, लक्षणं सुरू झाल्यापासून साधारण एक ते तीन आठवडे, आणि व्हायरस मात्र नाकाघशात जास्त असतो तो पहिल्या काही दिवसांतच, म्हणजे तुमच्याकडून दुसऱ्याला लागण व्हायची भीती सगळ्यात जास्त असते नेमकी तेव्हाच ही टेस्ट निगेटिव्ह येते. असा रिपोर्ट हातात घेऊन लोक घरभर फिरतात याची मला खरंच काळजी वाटते.

तुम्हाला हवी आहे ती नाकाघशातल्या स्वॅबची आरटी-पीसीआर, ती व्हायरसचं जनुकीय मटेरियल शोधते. रॅपिड अँटिजेन टेस्ट, म्हणजे स्वॅबमध्ये व्हायरसची प्रथिनं शोधणारी, लवकर होते पण निगेटिव्ह आली आणि लक्षणं असतील तर तेवढ्यावर थांबू नका, ४८ तासांनी परत करा नाहीतर सरळ पीसीआर. वास जाणं हे कोरोनाकडे बोट दाखवतं हे खरं, पण फ्लूमध्ये आणि साध्या सर्दीतही वास जातो, त्यामुळे नुसत्या लक्षणांवरून कोणता व्हायरस ते कोणीच ठामपणे सांगू शकत नाही, मीही नाही. जमलं तर त्याच स्वॅबवर फ्लूचीही तपासणी करून घ्या. सासूबाईंना जरा जरी ताप-खोकला वाटला तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा, कारण फ्लूचं औषध पहिल्या ४८ तासांत आणि कोरोनाच्या गोळ्या पहिल्या ५ दिवसांत सुरू केल्या तर जास्त उपयोग होतो. धाप, छातीत दुखणं, ओठ निळसर, बोलण्यात गोंधळ, यातलं काही दिसलं तर रिपोर्टची वाट न बघता थेट हॉस्पिटल, हे तुम्हालाही लागू आहे.

प्रश्न: मला काहीच त्रास नाही, लस घेतलेली आहे, चेकअपमध्ये कोरोनाची आयजीजी पॉझिटिव्ह आली. औषध घ्यायचं का?

उत्तर: नाही. आयजीजी लसीमुळेही येते आणि आधी होऊन गेलेल्या इन्फेक्शनमुळेही, आणि महिनोन्‌महिने राहते. रिपोर्टमधला आयजीजीचा आकडा मोठा आहे म्हणून कोरोना परत होणार नाही असं मात्र समजू नका, पुढे ताप-खोकला आला तर तुम्हालाही स्वॅबच द्यावा लागेल.