इंग्रजीत क्रियापदाला 'टू' कधी लावायचं आणि 'इंग' कधी?

तुम्ही मालवणला पाहुण्यांना खोल्या देता आणि त्यांना इंग्रजीत मेसेज लिहिताना 'टू गो' की 'गोइंग' हे दर वेळी अंदाजपंचे ठरवता, असं तुम्ही प्रश्नात लिहिलंय. शाळेत इन्फिनिटिव्ह (क्रियापदाचं 'टू'वालं रूप) आणि जेरंड ('इंग'वालं रूप) यांच्या याद्या पाठ करून घेतात. त्या थोड्या लागतातच, पण निम्मं काम आपली मराठी करते.

जे अजून व्हायचंय ते आपण 'करायचं', 'करायला' असं बोलतो. तिथे बहुतेक वेळा 'टू'. जे होऊन गेलंय ते 'केल्याचं' असं सांगतो, तिथे 'इंग'. 'कबूल करणे' घ्या. पाहुण्याने दहाला निघायचं कबूल केलं: 'ही अग्रीड टू लीव्ह ॲट टेन'. काच फोडल्याचं कबूल केलं: 'ही ॲडमिटेड ब्रेकिंग द ग्लास'. तसंच, बोटवाल्याने यायला नकार दिला: 'रिफ्यूज्ड टू कम'. पैसे घेतल्याचं नाकारलं: 'डिनाइड टेकिंग द मनी'.

एकच क्रियापद दोन्ही घेतं तिथे हे फार उपयोगी पडतं. 'प्लीज रिमेंबर टू लॉक द गेट' म्हणजे गेट लावायचं लक्षात ठेवा. 'आय रिमेंबर लॉकिंग द गेट' म्हणजे लावल्याचं आठवतंय. 'वुई स्टॉप्ड टू ईट फिश': मासे खायला वाटेत थांबलो. 'वुई स्टॉप्ड ईटिंग फिश': मासे खाणं सोडलं. (मालवणात हे दुसरं वाक्य श्रावणापुरतंच खरं.)

'ट्राय'चा फरकही मराठीत तयार आहे. 'उघडायचा प्रयत्न करा' म्हणजे 'ट्राय टू ओपन', 'उघडून बघा' म्हणजे 'ट्राय ओपनिंग'. खोलीत कोंदट वाटतंय अशी पाहुण्याची तक्रार आली, तर 'ट्राय ओपनिंग द बॅक विंडो' असं लिहा. 'ट्राय टू ओपन' लिहिलंत तर खिडकी घट्ट बसलीय, जोर लावा, असं त्याला वाटेल.

आता मराठी कुठे फसवते ते. सगळ्यात जास्त फसवतं ते 'करण्यासाठी'. 'साठी' आलं की हात आपोआप 'फॉर'कडे जातो आणि 'गेस्ट्स कम फॉर सीइंग डॉल्फिन्स' लिहिलं जातं. हे चूक. माणूस एखादी गोष्ट कशासाठी करतो हे सांगताना 'टू'च हवं: 'गेस्ट्स कम टू सी डॉल्फिन्स'. 'फॉर' आणि 'इंग' चालतं ते वस्तूचा उपयोग सांगताना: 'दिस नाइफ इज फॉर ओपनिंग कोकोनट्स'.

दुसरा घोळ 'जायचं टाळलं' सारख्या वाक्यांचा. इथे 'जायचं' आहे, तरी 'अव्हॉइड'नंतर 'इंग'च येतं. 'जाणं टाळलं' असंही म्हणता येतं, यावरून थोडा अंदाज येतो. पण ही कसोटी सगळीकडे टिकत नाही, तेव्हा एवढी क्रियापदं सरळ पाठ करा: एन्जॉय, अव्हॉइड, फिनिश, कीप, माइंड, सजेस्ट. यांच्यामागून कायम 'इंग'. त्यातही 'सजेस्ट' सांभाळा. 'आय सजेस्ट यू टू टेक द मॉर्निंग बोट' हे सर्रास दिसतं आणि ते चुकीचं आहे. 'आय सजेस्ट टेकिंग द मॉर्निंग बोट' लिहा. वॉन्ट, होप, प्लॅन, डिसाइड, प्रॉमिस यांना मात्र 'टू'. मराठीतही तिथे 'जायचंय', 'जायचं ठरवलंय' असंच येतं, त्यामुळे चूक क्वचितच होते.

लाइक, लव्ह, स्टार्ट यांना दोन्ही चालतं. फक्त 'वुड लाइक' असेल तर 'टू'च: 'वुड यू लाइक टू हॅव सोलकढी?' आणि पाऊस सुरू होतोय तेव्हा 'इट इज स्टार्टिंग टू रेन'. दोन 'इंग' लागोपाठ नकोत.

बाय, विदाउट, आफ्टर, बिफोर अशा शब्दांनंतर क्रियापद आलं की 'इंग'. पण खरी मेख पुढे आहे: कधी कधी 'टू' स्वतःच त्यांच्यातला एक असतो. मेसेजच्या शेवटी बरेच जण 'लुकिंग फॉरवर्ड टू मीट यू' लिहितात. तिथे 'मीटिंग यू' हवं. ओळखायचं कसं, तर 'टू'पुढे नाम ठेवून बघा. 'लुकिंग फॉरवर्ड टू युवर व्हिजिट' बसतं, म्हणून 'इंग'. 'वॉन्ट टू युवर व्हिजिट' बसत नाही, म्हणून साधं क्रियापद. 'यूज्ड टू'लाही हेच लावा. 'वुई यूज्ड टू कुक ऑन अ वुड फायर' म्हणजे पूर्वी चुलीवर रांधायचो. 'वुई आर यूज्ड टू कुकिंग ऑन अ वुड फायर' म्हणजे चुलीवर रांधायची सवय आहे. मधला 'आर' गाळलात की अर्थच बदलतो.

खोलीत पाटी लावणार असाल तर 'अलाऊ' लागेल. माणसाचा उल्लेख नसेल तर 'वुई डू नॉट अलाऊ स्मोकिंग', असेल तर 'वुई डू नॉट अलाऊ गेस्ट्स टू स्मोक'. 'लेट'ला मात्र दोन्ही नको: 'प्लीज लेट अस नो'.