अंबरी सफरचंद खरंच वेगळं असतं का? पुण्यात बसून खरं अंबरी कसं मिळवायचं?

काश्मीरला जाऊन आलेल्या मामांनी अंबरीचं फार कौतुक केलं, पण इथल्या एकाही फळवाल्याला ते नाव माहीत नाही, असं तुम्ही लिहिलंय. रोप आणून घरी लावता येईल का, हेही विचारलंय.

अंबरी खरंच वेगळं असतं. पुण्यात मिळतंही, पण दिवाळीच्या आगेमागे काही आठवडेच, आणि आधीपासून मागावर राहिलं तर. रोपाचा विचार मात्र सोडून द्या. या झाडाला हिवाळाभर काश्मीरसारखी थंडी लागते, ती आपल्याकडे नाही.

मी अंबरी पहिल्यांदा खाल्लं ते शोपियांमध्ये, ऑक्टोबर संपता संपता. दक्षिण काश्मीरातला हा भाग अंबरीचं माहेरच. आम्ही उतरलो होतो त्या घरातल्या आजींनी माळ्याजवळच्या खोलीचं दार उघडलं, तेव्हा आधी वास आला. भाताच्या पेंढ्यावर सफरचंदं पसरून ठेवली होती. पिकलेल्या फळाचा आणि फुलाचा मिळून असावा तसा तो वास. आजींनी एक फळ फेरनच्या, म्हणजे काश्मिरी सैल झग्याच्या, बाहीला पुसून हातात दिलं आणि म्हणाल्या, ‘अंबरी त्सूंठ’. त्सूंठ म्हणजे काश्मिरीत सफरचंद. दात लावला तर कर्रकन आवाज झाला. आतला गर पांढराशुभ्र, रस भरपूर आणि गोडी अशी की आंबटपणा शोधावा लागतो. तुम्हाला आंबटगोड आवडत असेल तर अंबरी कदाचित नुसतंच गोड वाटेल. मग त्याच सुमारास येणारं महाराजी घ्या, ते आंबट आणि रसाळ असतं. पण वासाच्या बाबतीत अंबरीच्या जवळपास जाणारं दुसरं सफरचंद मी तरी खाल्लेलं नाही.

इतकं चांगलं फळ बाजारात का दिसत नाही, याची मला मनापासून हळहळ वाटते. एके काळी काश्मीरचं सफरचंद म्हणजे अंबरीच होतं. जमाबंदी अधिकारी वॉल्टर लॉरेन्सने १८९५ साली काश्मीरवर लिहिलेल्या ग्रंथात त्याची नोंद आहे: ऑक्टोबरात पिकणारं, खूप दिवस टिकणारं आणि हिंदुस्थानात मोठ्या प्रमाणावर जाणारं फळ. पुढे रेड डिलिशियस आलं. ते मूळचं अमेरिकेतल्या आयोवा राज्यातलं. त्याला फळ लवकर धरतं, उत्पन्न जास्त आणि रंग गडद लाल. अंबरीचं झाड फळाला यायला बरीच वर्षं घेतं, एक वर्ष भरभरून देतं आणि दुसऱ्या वर्षी हात आखडतं, शिवाय त्यावर खवल्या रोग, म्हणजे स्कॅब, पटकन पडतो. घर चालवायचं असलेल्या बागवानाने डिलिशियस लावलं, यात त्याला दोष कसा देणार? गिऱ्हाईकही लाल रंगावरच भुलत होतं. आता तर गाला वगैरे जातींच्या दाट लागवडीच्या बागा आल्यात. अंबरीची जुनी झाडं कुठे कुठे उरलीत.

आता ओळख. लाल रंग पाहून घेऊ नका, हे सगळ्यात महत्त्वाचं. अंबरीचा मूळ रंग पिवळट हिरवा असतो आणि त्यावर लाल पट्टे किंवा लाली चढलेली असते. पानांच्या सावलीतली बाजू फिकीच राहते. डिलिशियस उलटं धरलंत तर खालच्या टोकाला पाच ठळक उंचवटे दिसतात, दाढेसारखे. अंबरीला तसे नसतात. आणि नाकाजवळ धरा. थंड नसलेल्या अंबरीला वास नाही असं होतच नाही.

मी पहिल्यांदा घरबसल्या एका विक्रेत्याकडून पेटी मागवली तेव्हा याच बाबतीत फसलो. वरच्या थरात पट्टेदार फळं होती, खालचे थर काढले तर गडद लाल, पाच उंचवट्यांची. फोन केला तर ‘साहेब, ही पण अंबरीच, लाल अंबरी’ असं उत्तर. लाल अंबरी नावाची जात खरोखर आहे, पण ती रेड डिलिशियस आणि अंबरीचा संकर आहे. सुनहरी हाही असाच संकर, अंबरी आणि गोल्डन डिलिशियसचा. दोन्ही खायला छान आहेत, पण तुमचे मामा सांगतायत ते फळ ते नव्हे. म्हणून मागवताना ‘जुनं देशी अंबरी, संकरित नको’ असं स्पष्ट सांगा, आणि पेटीतला खालचा थर उचलून फोटो पाठवायला सांगा. प्रामाणिक माणूस लगेच पाठवतो.

मागवायचं कुणाकडून? शक्य झालं तर थेट शोपियां किंवा पुलवामाच्या बागवानाकडून. मामांनाच विचारा, ज्या गाडीवाल्याबरोबर किंवा घरमालकाबरोबर ते फिरले त्याच्या नात्यात बागवान नसेल असं होणं कठीण. मी आता असाच एका घरातून घेतो. दुसरी वाट म्हणजे गुलटेकडीच्या मार्केट यार्डात सकाळी लवकर जाऊन काश्मीरचा माल उतरवणाऱ्या आडत्याला सांगून ठेवायचं. कोपऱ्यावरच्या फळवाल्याकडे चौकशी करून उपयोग नाही, त्याच्याकडे येतं ते बहुतेक डिलिशियसच. ऑगस्टमध्ये कुणी अंबरी म्हणून काही विकत असेल तर घेऊ नका, तोडणीच सप्टेंबरच्या शेवटी सुरू होते. एकट्याला अख्खी पेटी जड जाते, म्हणून आम्ही तीन घरं मिळून घेतो. दरात वाहतूक धरलीय का, तेही आधीच विचारून घ्या. जम्मू-श्रीनगर महामार्ग दरडींमुळे बंद पडला तर पेटी उशिरा येते, तेवढी वाट पाहायची तयारी ठेवा.

पेटी आली की सगळी फळं बाहेर काढा. मार लागलेली, डागाळलेली आधी खाऊन टाका, नाहीतर शेजारची नासतात. आठवड्यात संपतील तेवढी टोपलीत बाहेर ठेवा, म्हणजे वास घरभर राहील. बाकीची एकेक वर्तमानपत्रात गुंडाळून फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात, आणि खाण्याआधी दोनेक तास बाहेर. थंडगार कापलंत तर निम्मा वास गेलाच.

गेल्या खेपेचं शेवटचं फळ आम्ही संक्रांतीच्या आठवड्यात कापलं. साल जरा सुरकुतली होती, आईने ते बाजूला काढून ठेवलं होतं. पण सुरी लावली आणि आतल्या खोलीतून मुलगी विचारत आली, ‘सफरचंद कापलं का?’