अँजिओग्राफी स्वच्छ, तरी दम का लागतो?

प्रश्न : माझे वय ५९ असून १४ वर्षांपासून मला मधुमेह आहे. जिना चढताना दम लागू लागला म्हणून अँजिओग्राफी केली. तीत अडथळा आढळला नाही, परंतु टूडी इकोच्या अहवालात ‘डायस्टोलिक डिसफंक्शन’ असे लिहिले आहे. मधुमेहींच्या हृदयातील मायटोकॉन्ड्रियावर पुष्कळ संशोधन चालू असल्याचे वाचले. औषधाच्या दुकानदाराने त्यासाठी को-एन्झाइम क्यू-१० सुचवले आहे. ते घ्यावे का?
– एक वाचक, मुलुंड, मुंबई

उत्तर : रक्तवाहिन्या मोकळ्या असूनही मधुमेहींचे हृदय कमकुवत होऊ शकते, ही नोंद रुबलर व सहकाऱ्यांनी १९७२ मध्ये केली. तुमच्या अहवालातील शब्दांचा अर्थ, ठोक्यानंतर हृदयाचा स्नायू पुरेसा सैलावत नाही, इतकाच आहे. त्यामागे रक्तदाब किंवा वजनही असू शकते, त्यामुळे सारा दोष मधुमेहावर ढकलू नये.

मायटोकॉन्ड्रिया म्हणजे शाळेच्या पुस्तकातली तंतुकणिका, पेशीचे ऊर्जाघर. हृदयाच्या पेशीचा सुमारे एक-तृतीयांश भाग तिने व्यापलेला असतो, आणि जेमतेम ३०० ग्रॅमचे हे हृदय दिवसाला सुमारे ६ किलो एटीपी (पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू) तयार करून लगोलग खर्चही करते. निरोगी हृदय मुख्यतः मेदाम्लांवर, म्हणजे चरबीच्या घटकांवर, चालते, पण गरजेनुसार ग्लुकोजकडे वळते. मधुमेहात ही लवचीकता कमी होऊन हृदय जवळजवळ मेदाम्लांवरच विसंबते, तेवढ्याच ऊर्जेसाठी अधिक प्राणवायू खर्ची पडतो आणि न जळलेली चरबी पेशीत साचून तंतुकणिकेलाच इजा करू लागते.

संशोधनाचा रोख मात्र बदलत आला आहे. पूर्वी बहुतेक निबंध ऑक्सिडेटिव्ह ताणाभोवती, म्हणजे प्राणवायूपासून बनणाऱ्या घातक रेणूंमुळे पेशीला होणाऱ्या इजेभोवती, फिरत असत आणि त्यावरचा उपाय म्हणून अँटिऑक्सिडंट देऊन पाहण्याचा मोठा उत्साह होता. आता तंतुकणिकांचे तुटणे व जुळणे, निकामी झालेल्यांची पेशीने लावलेली विल्हेवाट, म्हणजे मायटोफॅजी, कॅल्शियमची ने-आण आणि २०१२ मध्ये नाव मिळालेला फेरोप्टोसिस हा लोहाशी निगडित पेशीमृत्यू यांकडे लक्ष वळले आहे. यातील बराचसा पुरावा उंदीर आणि प्रयोगशाळेतील पेशींवरचा आहे. स्ट्रेप्टोझोटोसिन हे इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारणारे रसायन टोचून काही आठवड्यांत मधुमेही केलेला उंदीर आणि १४ वर्षे मधुमेहासह जगलेला माणूस यांत बरेच अंतर आहे, हे बातम्या वाचताना विसरले जाते.

गंमत अशी, की रुग्णांना खरा लाभ झाला तो तंतुकणिकेवर नेम धरून बनवलेल्या औषधांनी नव्हे. थेट तिच्याच पटलावर काम करणारे इलामिप्रेटाइड हृदय-अकार्यक्षमतेच्या २०२० मधील चाचणीत अपेक्षित सुधारणा दाखवू शकले नाही. याउलट, लघवीवाटे साखर बाहेर टाकण्यासाठी तयार झालेल्या एम्पाग्लिफ्लोझिनने २०१५ च्या चाचणीत हृदय-अकार्यक्षमतेमुळे रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण ३५ टक्क्यांनी कमी केले. २०१९ मध्ये त्याच गटातील डापाग्लिफ्लोझिनचा फायदा मधुमेह नसलेल्यांनाही दिसला. मग ‘असे का’ या प्रश्नाने संशोधक पुन्हा तंतुकणिकेकडेच आले. हृदयाला मिळणारे कीटोन हे चरबीपासून बनणारे काटकसरीचे इंधन आणि पेशीतील सोडियम घटणे ही दोन स्पष्टीकरणे पुढे आली असून दोन्ही अजून वादात आहेत.

राहिला को-एन्झाइम क्यू-१० चा, म्हणजे तंतुकणिकेत ऊर्जा बनवताना लागणाऱ्या पदार्थाच्या गोळ्यांचा प्रश्न. २०१४ मध्ये ४२० रुग्णांच्या चाचणीत त्याचे निकाल आशादायक होते, पण त्यांपैकी बहुतेकांच्या हृदयाचे आकुंचनच दुबळे होते. तुमची तक्रार सैलावण्याची आहे, म्हणून त्या आधारावर मी ते घ्या असे सांगणार नाही. वॉर्फरिन हे रक्त पातळ ठेवणारे औषध चालू असेल तर त्याचा परिणाम कमी होण्याची शक्यताही आहे. त्यापेक्षा इकोचा अहवाल घेऊन फिजिशियनना भेटा. रक्तदाब, हिमोग्लोबिन आणि मूत्रपिंडाची तपासणी झाली आहे का, आणि एम्पाग्लिफ्लोझिनच्या गटातील औषध तुम्हाला चालेल का, हे विचारा. ते सुरू झाल्यास जंतुसंसर्गाच्या शक्यतेमुळे लघवीच्या जागेची स्वच्छता जपावी लागेल. नवरात्राचे उपवास, उलट्या-जुलाब किंवा शस्त्रक्रिया असताना गोळी थांबवायची का, हेही आधीच ठरवून घ्या.