मे महिन्यातील रानटर्की: परवाना, टॅग आणि दुपारचे बारा

प्रश्न: मी दोन वर्षांपासून न्यूयॉर्क राज्यात एच-१बी व्हिसावर नोकरी करतो. येत्या मे महिन्यात रानटर्कीच्या शिकारीला येण्याचे आमंत्रण एका सहकाऱ्याने दिले आहे आणि बंदूकही तोच देणार आहे. मला कोणकोणते परवाने लागतील? शिवाय पक्ष्यांच्या ऐन विणीच्या हंगामात शिकारीला मुभा कशी मिळते, हेही मनाला टोचते आहे.

उत्तर: आपण विचारलेली नाही, पण सर्वांत आधी ध्यानात घ्यावी अशी गोष्ट आपल्या व्हिसाची आहे. अमेरिकेचा फेडरल (केंद्रीय) कायदा एच-१बीसारख्या नॉन-इमिग्रंट, म्हणजे तात्पुरत्या वास्तव्याच्या, व्हिसावर राहणाऱ्या व्यक्तीला बंदूक किंवा काडतुसे बाळगण्यास मनाई करतो. मात्र अमेरिकेतील एखाद्या राज्याने दिलेला, मुदत न संपलेला शिकार परवाना जवळ असेल तर या मनाईतून सूट मिळते. बंदूक मित्राची आहे, मी ती घटकाभरच हातात धरली, हे सांगून भागत नाही, कारण कायदा मालकीचा नव्हे तर ताब्याचा विचार करतो. म्हणून परवाना हाती येण्यापूर्वी सरावासाठीसुद्धा सहकाऱ्याची बंदूक घेऊ नका. न्यूयॉर्कचा वार्षिक परवाना १ सप्टेंबर ते ३१ ऑगस्ट असा चालतो. त्याची मुदत संपली की त्यावर आधारलेली सूटही संपते. व्हिसाचे प्रकरण नाजूक असते, तेव्हा इमिग्रेशनच्या वकिलाला एकदा विचारून घ्यावे, असे मी आग्रहाने सांगेन.

आता परवान्याकडे वळू. पूर्वी कधी शिकार परवाना घेतलेला नसेल तर प्रथम शिकारी-प्रशिक्षणाचा अभ्यासक्रम पुरा करून प्रमाणपत्र मिळवावे लागते, आणि मेच्या तोंडावर वर्ग मिळणे कठीण जात असल्यामुळे हे काम हिवाळ्यातच उरकावे. त्यानंतर दोन गोष्टी घ्यायच्या: सर्वसाधारण शिकार परवाना आणि त्याखेरीज टर्कीची स्वतंत्र परवानगी. राज्यात सलग ३० दिवस वास्तव्य झालेल्या रहिवाशाला या दोन्हींसाठी अनुक्रमे २२ आणि १० डॉलर पडतात. परवानगीबरोबर टॅग, म्हणजे मारलेल्या पक्ष्यासाठी भरायच्या नोंदचिठ्ठ्या, मिळतात. वसंताचा मोसम १ ते ३१ मे असा असून त्यात दोन पक्षी, तेही दिवसाला एकच, एवढीच मर्यादा आहे. हत्यार म्हणजे छर्ऱ्यांची शॉटगन किंवा धनुष्यबाण. रायफल चालत नाही. आमिष टाकणे आणि वसंतात कुत्रा वापरणे निषिद्ध आहे. खासगी जमिनीवर मालकाची परवानगी हवीच.

विणीच्या हंगामाबद्दलची आपली टोचणी रास्त आहे, आणि तिचे उत्तर या पक्ष्याच्या संसारात आहे. टर्कीचा नर मोरासारखा पिसारा फुलवून एकापाठोपाठ एक माद्यांशी जुगतो, पण घरटे, अंडी, पिल्ले यांच्याकडे ढुंकूनही पाहत नाही. मादी एकटीच जमिनीवर पालापाचोळ्यात दहा-बारा अंडी घालते आणि सुमारे २८ दिवस ती उबवते. जुगणी बरीचशी उरकल्यानंतर काही नर कमी झाले तरी पुढच्या पिढीला धक्का बसत नाही. मादी मारली तर सारी वीणच जाते. वसंतातील बहुतेक नियम या एका गोष्टीतून निघाले आहेत. न्यूयॉर्कमध्ये सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून दुपारी बारापर्यंतच शिकार करता येते, ती यासाठीच: उबवणाऱ्या माद्यांना दिवसाचा उरलेला वेळ निर्धास्त मिळावा. शेजारच्या पेनसिल्व्हेनियात मोसमाचे साधारण पहिले दोन आठवडे बाराची मर्यादा असते आणि पुढे ती सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंत वाढते. कारण तोवर बऱ्याच माद्या घरट्यावर ठाण मांडून बसलेल्या असतात.

प्रश्न: वसंतात ‘दाढी असलेला पक्षी’च मारावा, असे नियमात का म्हटले आहे? सरळ ‘नर’ का नाही?

उत्तर: नराच्या छातीतून घोड्याच्या केसांसारखा राठ, काळा झुपका लोंबतो, त्याला दाढी म्हणतात. काही थोड्या माद्यांनाही अशी दाढी असते. पहाटेच्या अर्धवट उजेडात, झाडांच्या आडून, शिकाऱ्याला डोळ्यांनी पडताळता यावी अशी खूण हवी, म्हणून न्यूयॉर्कने दाढीचा निकष ठेवला. दाढीवाली मादी त्यामुळे कायद्यात बसते, तरी मी स्वतः तिला जाऊ देतो. नराचे उघडे डोके लाल, पांढरे आणि निळे असते. मादीचे डोके करडे-निळसर व तिचे अंग तपकिरी दिसते. डोके आणि दाढी दोन्ही स्पष्ट दिसेपर्यंत बोट बंदुकीच्या घोड्यावर नेऊ नये. दुसऱ्या शिकाऱ्याला आपणच नर टर्की वाटू नये म्हणून अंगावर लाल, पांढरे किंवा निळे काहीही, अगदी खिशातला रुमालसुद्धा, ठेवू नये. दुसरा कुणी शिकारी पक्ष्याला बोलावण्यासाठी टर्कीसारखा आवाज काढत असेल तर त्या आवाजाच्या रोखाने दबकत जाणे जिवावर बेतते. खांद्यांहून रुंद बुंध्याला पाठ टेकून बसा, आणि माणूस येताना दिसला तर हात न हलवता मोठ्याने हाक द्या.

प्रश्न: माझी मुलगी १३ वर्षांची आहे. तिला नेता येईल का?

उत्तर: होय. १२ ते १५ वर्षांच्या परवानाधारक मुलांसाठी न्यूयॉर्क एप्रिलमध्ये एक शनिवार-रविवार राखून ठेवते. तिच्याकडे स्वतःचा परवाना आणि टर्कीची परवानगी हवी. त्या दोन दिवसांत बरोबरच्या मोठ्या माणसाने टर्कीला आवाज देऊन बोलवायला हरकत नाही, मात्र स्वतः हत्यार बाळगता येत नाही. पक्षी पडला की तिचाच टॅग तिथल्या तिथे, पेनने, भरा आणि सात दिवसांच्या आत राज्याकडे नोंद करा. आपल्या टॅगवर तिचा पक्षी किंवा तिच्या टॅगवर आपला, हे चालत नाही. पक्षी गाडीपर्यंत नेताना तो भडक नारिंगी कापडात गुंडाळा. खांद्यावरून लोंबणारे ते लाल डोके दुरून जिवंत नरासारखे दिसते.