आलू म्हणू की बटाटा?

प्रश्न: माझं माहेर अमरावतीचं, सासर रत्नागिरीकडचं. आमच्याकडे आलूच म्हणतात, आलूची भाजी, आलूबोंडा. लग्नानंतर इकडे आल्यावर मी "आलू संपलेत" म्हटलं तर सासऱ्यांनी बाजारातून अळूची जुडी आणली! आता मुलगी दुसरीत आहे, माझं ऐकून तीही आलू म्हणते, तर शाळेत तिला सांगितलं की आलू हिंदी आहे, शुद्ध मराठीत बटाटा म्हणायचं. मध्ये सिमल्याला गेलो तर तिथला फळवाला आलूबुखारा, आलूचा असं ओरडत होता. हे सगळे आलू एकाच घरातले का? आणि लेकीला काय सांगू?

उत्तर: ताई, लेकीला सांगा की आलू बिनधास्त म्हण. बटाटा हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांबरोबर आला, त्यांनी १५१० साली गोवा घेतला आणि पुढे त्यांच्या जहाजांतून मिरची, काजू, अननस असं काय काय इकडे पोचलं त्यातलाच हाही. आणि तो मूळचा पोर्तुगीजही नाही, कॅरिबियन बेटांवरच्या ताइनो लोकांचा आहे आणि त्यांच्याकडे बटाटा म्हणजे चक्क आपलं रताळं! खऱ्या बटाट्याला तिकडे पेरू देशाच्या डोंगरांत केचुआ भाषेत पापा म्हणायचे. स्पॅनिश लोकांनी दोन्ही कंद बघितले, दोन्ही शब्द ऐकले, आणि दोन्हींची सरमिसळ होऊन स्पेनमध्ये खऱ्या बटाट्याचं नाव पताता झालं. दक्षिण अमेरिकेतल्या स्पॅनिशमध्ये मात्र आजही पापाच म्हणतात. तेव्हा 'शुद्ध मराठी' बटाटा हा असा अर्ध्या जगाला वळसा घालून, वाटेत अर्थ बदलून आलेला आहे. म्हणून तो परका असं मी अजिबात म्हणणार नाही, इतकी वर्षं आपल्या तोंडात आहे म्हणजे आपलाच. पण मग त्याच्या जोरावर आलूला हिंदी म्हणून बाहेर काढायचं हे मला पटत नाही.

कारण आलू आपल्या घरातलाच आहे. संस्कृतात आलु किंवा आलुक म्हणजे खायचा कंद, कुठला एक असं नाही, बरेच. सोळाव्या शतकातल्या भावप्रकाश या आयुर्वेदाच्या ग्रंथात त्याचे प्रकारच दिलेत, पिंडालुक, शंखालुक, मध्वालुक, रक्तालुक वगैरे. यातला रक्तालुक म्हणजे लाल कंद, आणि आपला रताळू, रताळं हा शब्द त्याच घरातला. अमेरिकेतून नवा कंद आला तेव्हा हिंदीवाल्यांनी नवीन शब्द न शोधता घरातलाच जुना आलू त्याला लावला. बंगालीतही तसंच, रताळं म्हणजे रांगा आलू, आणि गंमत म्हणजे शाँख आलू, शंखासारखा पांढराशुभ्र, कच्चाच खातात तो, तोही मूळचा मेक्सिकोकडचा पण नाव मात्र जुनं संस्कृत.

आता अळू. शब्द तोच हो, फक्त आपल्याकडे तो जमिनीतून वर पानावर चढला! कारण आपण पान खातो, वडी करतो, फदफदं करतो, त्यामुळे अळू म्हटलं की डोळ्यासमोर पानच येतं. पण सासूबाईंना विचारा त्याच्या खालच्या गड्ड्यांना काय म्हणतात, अळकुड्या म्हणतील. त्या सोलताना हाताला खाज सुटते, त्यांची चिंच घालून भाजी करतात. म्हणजे कंदाची आठवण आपल्या मराठीत अजून शाबूत आहे. तुमच्या माहेरचा बटाट्याच्या अर्थाचा आलू शेजारच्या हिंदीच्या सहवासातून आला, तेवढं शाळेचं म्हणणं बरोबर. पण शब्द म्हणून तो तुमच्या सासरच्या अळूचा सख्खा भाऊ आहे, त्यामुळे सासरे अळूची जुडी घेऊन आले ते काही फार चुकले नाहीत.

सिमल्याचा आलू मात्र या घरातला नाही, नुसता नामसाधर्म्याचा पाहुणा. फारसीत आलू म्हणजे प्लम. बुखारा शहराचा तो आलुबुखारा, आणि आलूचा म्हणजे छोटा प्लम (मराठी कानाला ते 'आलूचा काय?' असं वाटतं, पण तो अख्खा एक शब्द आहे). जर्दाळू पण त्यातलाच, जर्द म्हणजे पिवळा. आपण पिवळाजर्द म्हणतो ना, तोच जर्द! म्हणजे जर्दाळू हा पिवळा प्लम झाला. संस्कृत आलु आणि फारसी आलू यांचं नातं काहीच नाही, उच्चार जुळला एवढंच. नेपाळीत तर दोघं शेजारी शेजारी नांदतात, आलु म्हणजे बटाटा आणि आलुबखडा म्हणजे प्लम, आणि कुणाचा गोंधळ होत नाही.

प्रश्न: मग इराणमध्ये आलू म्हणजे प्लम असेल तर बटाट्याला काय म्हणतात?

उत्तर: सीब-ज़मीनी, म्हणजे जमिनीतलं सफरचंद. हे फ्रेंच नावाचं सरळ भाषांतर आहे, फ्रेंचमध्येही बटाटा म्हणजे मातीतलं सफरचंदच. डचमध्येही तसंच, आर्डापल, आणि श्रीलंकेत डच राज्य करत होते म्हणून सिंहलीत बटाट्याला अर्तापल् म्हणतात. जर्मन लोकांनी वेगळीच वाट धरली, त्यांना तो जमिनीखाली वाढणाऱ्या ट्रफल नावाच्या बुरशीसारखा दिसला, तिच्या इटालियन नावावरून त्यांचा कार्टोफेल झाला, आणि तोच पुढे रशियनमध्येही गेला.